छोट्या प्रकाशकाच्या भयकथा संकलनात कथा निवडली गेली आहे. करारावर सही करू का?

अर्धविराम (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

एका छोट्या प्रकाशनसंस्थेने इंग्रजी भयकथांच्या संकलनासाठी कथा मागवल्या होत्या. विषय 'पाणी'. माझी ४,२०० शब्दांची कथा त्यांनी घेतली. आनंद आहेच, पण सोबत आलेला करार दोनदा वाचला तरी डोक्यावरून गेला. वकिलाला दाखवावं एवढी रक्कम नाही: मानधन एकरकमी २५ डॉलर आणि एक ई-प्रत. जिथे अडलेय ती कलमं मराठीत देते.

कलम २: कथेचे जगभरातले, सर्व भाषांतले व सर्व माध्यमांतले अनन्य हक्क लेखक कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी प्रकाशकाला देत आहे.

कलम ५: प्रकाशनाची तारीख प्रकाशक ठरवेल.

कलम ६: मानधन प्रकाशनानंतर ९० दिवसांत दिले जाईल.

कलम ९: प्रकाशकाला आवश्यक वाटतील ते बदल तो संहितेत करू शकेल.

हे असंच असतं का? आणि काही बदलून मागितलं तर 'राहू द्या मग' म्हणून कथा काढून टाकतील का? प्रकाशकाचं नाव मुद्दाम देत नाहीये. माणसं पत्रव्यवहारात सज्जन वाटली.

निशाचर

अभिनंदन!! पार्टी कधी? सही करून टाका हो. पहिलीच कथा आहे, कलमं कसली बघताय.

रातवा

निशाचर, थांबा जरा. अर्धविराम, सही करू नका. निदान या मसुद्यावर तरी नको.

कलम २ हा खरा घोळ आहे. संकलनाच्या प्रकाशकाला तुमच्या कथेचं नेमकं काय लागतं? त्या एका पुस्तकात, एका भाषेत, छापील आणि ई-पुस्तकाच्या रूपात ती पहिल्यांदा छापायचा हक्क. आणि पुस्तक बाजारात आल्यावर काही काळ ती दुसरीकडे दिसू नये, एवढी हमी. हा 'काही काळ' साधारण सहा महिने ते एक वर्ष असतो. त्यानंतर अनन्यता संपते. पुस्तक विक्रीला ठेवायचा हक्क प्रकाशकाकडे राहतो, पण तुम्ही ती कथा दुसऱ्या संकलनाला पुनर्मुद्रणासाठी देऊ शकता, स्वतःच्या संग्रहात घेऊ शकता, मराठीत करू शकता.

तुमच्या कलमाप्रमाणे यातलं काहीच करता येणार नाही. उद्या या कथेवर कुणाला लघुपट करावासा वाटला तर पैसे प्रकाशकाला, आणि स्वतःच्याच कथेचा मराठी अनुवाद करायला तुम्हाला त्याची परवानगी. २५ डॉलरमध्ये. कॉपीराइटची मुदत बहुतेक देशांत लेखकाच्या मृत्यूनंतर ५० ते ७० वर्षं असते, म्हणजे हा करार तुमच्या नातवंडांनाही लागू.

कलम ५ वाचायला साधं वाटतं, पण त्यात 'अमुक मुदतीत पुस्तक आलं नाही तर हक्क लेखकाकडे परत' हे वाक्य नाही. छोट्या संस्था बंद पडतात, संपादक आजारी पडतो, किकस्टार्टरसारख्या साइटवर लोकांकडून आगाऊ पैसे जमत नाहीत. पुस्तक येत नाही आणि कथा अडकते. हे मोठ्या नावांचंही झालंय. अमेरिकन लेखक-संपादक हार्लन एलिसनचं 'द लास्ट डेंजरस व्हिजन्स' हे संकलन १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जाहीर झालं, कथा घेऊन झाल्या. एलिसन २०१८ साली वारला आणि पुस्तक बाहेर आलं २०२४ मध्ये, तेही मूळच्या बऱ्याच कथांशिवाय. काही लेखकांनी दरम्यान कथा काढून घेतल्या, काही हयातच राहिले नाहीत.

तर मागणी साधी ठेवा: करारापासून १२ किंवा १८ महिन्यांत पुस्तक आलं नाही तर हक्क आपोआप परत. 'आपोआप' हा शब्द हवाच. नाहीतर बंद पडलेल्या संस्थेच्या मेलवर पत्रं पाठवत बसाल.

कलम ९ मध्ये दोन गोष्टी वेगळ्या करायला सांगा. शुद्धलेखन, विरामचिन्हं, त्यांच्या घरची शैली, यात ते खुशाल बदल करोत. वाक्यं गाळणं, शेवट बदलणं, शीर्षक बदलणं हे लेखकाच्या लेखी संमतीनेच.

कथा काढून टाकतील का? सभ्य भाषेत विचारलं म्हणून कथा काढणारा प्रकाशक असेल, तर सुटलात समजा.

चष्मेवाला

कलमं नंतर बघू. ४,२०० शब्दांना २५ डॉलर म्हणजे शब्दाला सेंटच्या सहा दशांशापेक्षाही कमी पडतं. अमेरिकेतली विज्ञानकथा व अद्भुतकथा लेखकांची संघटना, एसएफडब्ल्यूए, सप्टेंबर २०१९ पासून शब्दाला ८ सेंट हा व्यावसायिक दर मानते. त्या हिशेबाने ३३६ डॉलर व्हायला हवेत. लेखकांनी असं फुकटाच्या भावात देत राहायचं आणि मग लेखनाला किंमत नाही म्हणून रडायचं. त्यापेक्षा सरळ स्वतःच्या ब्लॉगवर टाका, हजार लोक तरी वाचतील.

वाचनवेडी

+१ चष्मेवाला. 'प्रसिद्धी मिळेल' हे मानधन कुठल्या दुकानात चालतं?

शाईचा_डाग

चष्मेवाल्यांचा राग समजतो, पण दुसऱ्या बाजूचाही हिशेब मांडू द्या. मी काही वर्षं एका छोट्या प्रकाशनासाठी आलेल्या कथांचं पहिलं वाचन करत होतो, पुढे दोन संकलनांत सहसंपादकही होतो.

८०,००० शब्दांचं संकलन घ्या. ८ सेंटने फक्त लेखकांचे ६,४०० डॉलर होतात. मुखपृष्ठ, मुद्रितशोधन, मांडणी, छपाई वेगळी. एवढे पैसे आधी हातात असल्याशिवाय तो दर देता येत नाही, म्हणून बरीच संकलनं आता किकस्टार्टरवर वाचकांकडून आगाऊ पैसे उभे करतात. ज्यांना ते जमत नाही ते नाममात्र रक्कम देतात किंवा उत्पन्नात वाटा देतात. वाटा हा शब्द ऐकायला गोड असतो, म्हणून तोही करून बघा. प्रतीमागे निव्वळ ३ डॉलर सुटले आणि २०० प्रती खपल्या तर ६०० डॉलर. निम्मे लेखकांचे म्हटले तर ३००, आणि लेखक २० असले तर प्रत्येकी १५. त्यामुळे नाममात्र का होईना, ठरलेली रक्कम मला वाट्यापेक्षा प्रामाणिक वाटते.

ब्लॉगचा सल्ला मात्र फार महागात जाईल. कथा कुणालाही वाचता येईल अशी ऑनलाइन टाकली की बहुतेक संपादक ती 'पूर्वप्रकाशित' धरतात. पहिल्या प्रकाशनाचा हक्क तिथेच वापरला जातो, मग वाचक हजार असोत की तीन. पुढे ती फक्त पुनर्मुद्रण म्हणून जाते, त्याचे पैसे कमी आणि ते घेणारी ठिकाणंही कमी. चार मित्रांच्या बंद गटात अभिप्रायासाठी दिलेली चालते.

खडूस_वाचक

एक भाबडा प्रश्न. ही संकलनं वाचतं कोण? त्यातले वीस लेखक, त्यांच्या आया आणि एक परीक्षक?

शाईचा_डाग

आया पण वाचत नाहीत हो, भयकथा म्हटल्यावर. :)

पण एक जण वाचते. अमेरिकन संपादक एलन डॅटलो २००९ पासून वर्षभरातल्या उत्तम भयकथांचं संकलन काढतेय आणि त्यासाठी छोट्या प्रकाशकांची पुस्तकंही चाळते. अशा वार्षिक संकलनांत कुणालाही माहीत नसलेल्या संस्थेतली कथा उचलली गेल्याची उदाहरणं आहेत. म्हणून प्रकाशकाला एक प्रश्न जरूर विचारा: वार्षिक संकलनांच्या संपादकांना आणि परीक्षकांना प्रती पाठवता का? ज्याचं उत्तर 'हो, पाठवतो' असं तत्काळ येतं, त्याच्याकडे २५ डॉलर चालून जातात.

उंबरठा

थोडं अवांतर होईल, पण शाईचा_डाग, तुम्ही वाचन करायचात म्हणून विचारतो. निवड नक्की कशी होते? मला नुसतं 'साभार परत' येतं. कारण कधीच देत नाहीत. सोबतचं पत्र चुकतंय का?

शाईचा_डाग

अवांतर अजिबात नाही. पत्राचं आधी संपवतो, कारण त्याला फार महत्त्व नाही. एवढं पुरतं:

'नमस्कार. सोबत अमुक ही ३,१०० शब्दांची गूढकथा तुमच्या तमुक संकलनासाठी पाठवत आहे. कथा पूर्वप्रकाशित नाही आणि सध्या इतरत्र विचाराधीन नाही. आपला, ...'

आधी कुठे छापून आलं असेल तर त्याची दोन-तीन नावं. कथेचा सारांश नको, तुम्हाला ती कशी सुचली ते नको, बायकोला किती आवडली ते तर नकोच. काही ठिकाणी लेखकाचं नाव न कळता वाचन करतात, तिथे फाइलमधून नाव काढा, अगदी फाइलच्या नावातूनसुद्धा. (जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली होती. पहिलं बक्षीस मिळालं. नाव काढायला लाजू नका.)

आता निवड. विषय ठरलेल्या संकलनाचं गणित मासिकापेक्षा वेगळं असतं, हे बाहेरून लक्षात येत नाही. 'पाणी' म्हटलं की पहिल्या ढिगात काय येतं? बुडून मेलेलं कुणीतरी परत येतं. विहिरीतून, नळातून, बाथटबमधून. खूप येतं. त्यातल्या काही कथा खरोखर चांगल्या असतात, पण एका पुस्तकात अशी एकच बसते. दुसरी तितकीच चांगली असली तरी परत जाते, आणि तिच्या लेखकाला वाटतं आपलं लेखन कमी पडलं. संपादक कारण लिहीत नाही, कारण तो दिवसाला कित्येक कथा परत करत असतो, आणि कारण दिलं की वाद घालणारी चार पत्रं येतात.

म्हणून आमच्याकडे वाचनाला बसताना बाजूला एक वही असायची. त्यात कथेचं नाव, शब्दसंख्या, आणि एका ओळीत 'पाणी कुठंय?'. 'विहीर', 'विहीर', 'समुद्र', 'विहीर' अशी रांग लागायची, आणि तिच्यात एखादी 'गुडघ्यात साठलेलं पाणी' अशी नोंद आली की ती कथा सगळे मागून घेऊन वाचायचे. पुढे ती घेतलीही. डोक्यात आलेली पहिली कल्पना सोडा, दुसरीही सोडा, इतरांनाही त्याच सुचलेल्या असतात.

लांबीचं पण बघा. शेवटच्या टप्प्यात संपादकाच्या हातात दहा-बारा हजार शब्दांची जागा उरलेली असते. तिथे ७,००० शब्दांची कथा असामान्य असावी लागते. अडीच हजारांची चांगली कथा मात्र सहज बसते. मर्यादा ७,५०० आहे म्हणून तिथवर ताणायची गरज नसते.

आणि 'राखून ठेवली आहे' असं पत्र आलं तर ते चांगलं लक्षण माना, रोज मेल करून विचारू नका.

निशाचर

वाखुसा (वाचनखूण साठवली)! गुडघ्यातलं पाणी, काय डोकं आहे एकेकाचं.

रातवा

शाईचा_डाग यांना दंडवत. एक जोड देतो. विषयाचं संकलन संपलं की परत आलेल्या सगळ्या कथा त्याच आठवड्यात भयकथांच्या मासिकांकडे धावतात. तिथल्या संपादकांना कळतं की कुठलंतरी 'पाणी' आटलंय. तुमची परत आली तर तिला थोडे महिने थंड होऊ द्या, विषयाचे फार ठळक खुंटे काढा, मग पाठवा.

कुठे काय मागवलंय हे शोधायला सबमिशन ग्राइंडर ही साइट फुकट आहे, २०१३ पासून चालू. तिथे लेखक स्वतःच नोंदी करतात, त्यामुळे कुठला संपादक साधारण किती दिवसांत उत्तर देतो तेही दिसतं. तशीच ड्युओट्रोप ही साइट आहे, पण तिला वर्गणी आहे. हस्तलिखिताचा साचा लेखक विल्यम शनने मांडलेला बहुतेकांना चालतो: दुहेरी ओळ, एक इंच समास, पहिल्या पानावर डावीकडे नाव-पत्ता, उजवीकडे शब्दसंख्या. पण मागवणाऱ्याने स्वतःचे नियम दिले असतील तर तेच पाळायचे.

आणि कथा यंत्राकडून (एआयकडून) लिहून घेतलेली नाही, असं आता बहुतेक ठिकाणी लिहून मागतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये विज्ञानकथांच्या क्लार्कस्वर्ल्ड मासिकाला यंत्रलिखित कथांच्या लोंढ्यामुळे काही काळ दार बंद करावं लागलं होतं, तेव्हापासून सगळे सावध आहेत. उलट लेखकानेही करारात विचारावं की माझी कथा यंत्राला शिकवायला देणार नाही ना.

वाचनवेडी

माझा अनुभव लिहिते, नाव घेणार नाही. एका संकलनात कथा आली, पुस्तकही सुरेख झालं, मानधनाचं वचन लेखी होतं. आजतागायत आलं नाही. मेल परत येतात. म्हणून पाठवायच्या आधी त्या संस्थेच्या जुन्या संकलनांतल्या दोन-तीन लेखकांना गाठून सरळ विचारा, पैसे वेळेवर मिळाले का. लेखक मोकळेपणाने सांगतात. त्यातही ज्यांना मिळाले नाहीत ते जास्तच मोकळेपणाने.

रातवा

अगदी. शिवाय 'रायटर बिवेअर' ही साइट बघा. व्हिक्टोरिया स्ट्रॉस आणि ए. सी. क्रिस्पिन या लेखिकांनी १९९८ मध्ये सुरू केलेलं काम आहे, फसव्या प्रकाशकांच्या तक्रारी तिथे वाचायला मिळतात. कथा पाठवायला शुल्क, छापल्यावर स्वतः अमुक प्रती विकत घ्यायची अट, 'मते मिळवा आणि छापून या' असले प्रकार, यांतलं एक जरी दिसलं तरी मी पुढचं वाचत नाही.

चष्मेवाला

ब्लॉगचा मुद्दा मागे घेतो, मला हक्कांची ती भानगड माहीत नव्हती. दराचा घेत नाही. आधी वरच्या दराच्या ठिकाणी पाठवा, तिथून परत आली की खाली या. थेट खालच्या पायरीवर जाऊन बसायचं कशाला?

शाईचा_डाग

यावर पूर्ण सहमत. अपवाद एवढाच की कथा विषयासाठीच लिहिली असेल तर वरच्या ठिकाणी तिला जागा असेलच असं नाही. आणि एसएफडब्ल्यूएचं सदस्यत्व २०२२ पासून एकूण कमाईवर मिळतं, सहसदस्याला १०० डॉलर, पूर्ण सदस्याला १,०००. म्हणजे छोट्या ठिकाणचे २५ डॉलरसुद्धा त्या खात्यात जमा होतात. विज्ञानकथा किंवा अद्भुतकथा लिहिणाऱ्यांनी पावत्या जपून ठेवा.

अर्धविराम

मंडळी, उत्तर आलं!

मी रातवा यांच्या प्रतिसादावरून पत्र केलं. खोटं कशाला बोलू, पाठवताना हात अडखळत होता. तीनच मुद्दे, प्रत्येकाखाली मला हवं असलेलं पर्यायी वाक्य. चौथा म्हणून मानधन सही करतानाच देता का, एवढं विचारलं.

संपादकबाईंनी लिहिलंय की मसुदा त्यांच्या कादंबऱ्यांच्या जुन्या करारावरून उतरवला होता आणि आजवर कुणी बोट ठेवलंच नव्हतं. आता कलम २ मध्ये फक्त इंग्रजीतल्या पहिल्या प्रकाशनाचे हक्क, छापील आणि ई-पुस्तक, अनन्यता पुस्तक आल्यापासून १२ महिने. १८ महिन्यांत पुस्तक नाही तर हक्क आपोआप परत. मजकुरातले बदल संमतीने. मानधनाला नाही म्हणाल्या, ते प्रकाशनानंतर ९० दिवसांतच. परीक्षणप्रती पाठवतात, वार्षिक संकलनांनाही. बाकीच्या लेखकांनाही हाच सुधारलेला करार जाणार आहे म्हणे.

जुन्या संकलनातल्या दोन लेखिकांना विचारलं. एकीला वेळेवर पैसे मिळाले, दुसरीला आठवण करून द्यावी लागली पण मिळाले. सही करतेय.

चष्मेवाला

२५ डॉलरमध्ये त्यांचा करारही दुरुस्त करून दिलात. त्याचं बिल वेगळं लावा.

निशाचर

पार्टी!!

उंबरठा

अभिनंदन ताई. एक शंका, तुमची कथा विहिरीची होती की गुडघ्याची?

अर्धविराम

विहिरीचीच. पण विहिरीत पाणी नाहीये.

शाईचा_डाग

म्हणून घेतली.

रातवा

छान झालं. आता दोन कामं. त्यांचीही सही असलेली प्रत मागून घ्या, नुसती तुमच्या सहीची फाइल उपयोगाची नाही. प्रकाशक अमेरिकेतला असेल तर बाहेरच्या लेखकांसाठीचा डब्ल्यू-८ बेन हा कराचा फॉर्म मागतील, तो भरताना नाव करारातल्यासारखंच लिहा. आणि प्रूफं आली की आधी अनुक्रमणिकेत आणि पानाच्या माथ्यावर स्वतःच्या नावाचं स्पेलिंग बघा. कथेत सगळे डोळे घालतात, तिकडे कुणी बघत नाही.